छातीतला 'वाय': श्वास जिथे दोन वाटांना फुटतो तिथली शस्त्रक्रिया

इअरफोन कानात असतील तर छानच. आणि लोकल बोगद्यात शिरली, नेटवर्क गेलं, म्हणून इथे वाचत असाल तर तेही छान. हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे घाईघाईत उरकलं, ते इथे जरा सावकाश सांगितलंय.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाइपचा 'वाय' मागितला, तर दुकानदार लगेच काढून देतो. वरून एक पाइप येतो, खाली दोन निघतात. जुना फुटला की कापायचा, नवा चिकटवायचा, संपलं काम. आपल्या छातीतही असाच एक 'वाय' आहे. वरून श्वासनलिका येते आणि तिला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुफ्फुसाकडे, एक डाव्या. मग हा 'वाय' खराब झाला, तर डॉक्टर नवा का बसवत नाहीत?

या एका प्रश्नाच्या उत्तरात शरीररचना आहे, भूलतज्ज्ञांची कमाल आहे आणि एका नावाजलेल्या संस्थेत घडलेली भयंकर गोष्टही आहे. चला तर मग.

आधी नकाशा

गळ्याच्या खाली, छातीचं हाड सुरू होतं तिथे एक खळगी लागते. तिथून बोट चार-पाच सेंटिमीटर खाली सरकवा. हाडावर एक आडवा उंचवटा लागेल. या उंचवट्याच्या साधारण मागे, आत खोलवर, श्वासनलिका दुभंगते.

मोठ्या माणसाची श्वासनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे तुमच्या मोबाइलपेक्षाही आखूड! तिच्यात कूर्चेच्या १८ ते २२ कड्या असतात. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जे लवचिक पण ताठ लागतं ना, तेच. या कड्या पूर्ण गोल नसतात, घोड्याच्या नालेसारख्या मागून उघड्या असतात. मागे मऊ स्नायू आणि त्याला टेकून अन्ननलिका.

नळी दुभंगते तिथे आतून एक धारदार कंगोरा दिसतो. त्याला कॅरायना म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होडीच्या तळाचा मधला कणा. दुर्बिणीतून वरून बघितलं की खरंच होडी उलटी ठेवल्यासारखं दिसतं. ही जागा अतिशय संवेदनशील असते. काहीही टेकलं की खोकल्याची जोरदार उबळ येते. फुफ्फुसाच्या दारावरचा राखणदारच म्हणा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. दोन्ही फाटे सारखे नसतात. उजवा आखूड, रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा. म्हणून मोठ्या माणसाच्या श्वासात चुकून शेंगदाणा गेला, तर तो बहुतेकदा उजवीकडे सापडतो. डावा फाटा लांब, जवळपास दुप्पट, आणि तिरका. कारण त्याला महाधमनीच्या कमानीखालून वाट काढावी लागते. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वात मोठी रक्तवाहिनी. ही कमान लक्षात ठेवा, पुढे हीच आडवी येणार आहे.

बिघाड कसा होतो

कॅरायनावर गाठ येऊ शकते. काही गाठी धूम्रपानाशी जोडलेल्या असतात. पण 'अॅडेनॉइड सिस्टिक' नावाच्या एका कर्करोगाचा विडी-सिगारेटशी संबंध दिसत नाही. तो हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो आणि नळीच्या अस्तराखालून दिसतो त्यापेक्षा लांबवर पसरतो. कधी फुफ्फुसाचा कर्करोग वाढत वाढत कॅरायनापर्यंत पोहोचतो. कधी अपघातात छातीवर जोराचा मार बसून नळी फाटते. क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेल्या व्रणामुळेही फाटे आकसतात.

गंमत अशी की (गंमत कसली, धोकाच) सुरुवातीला काही कळतच नाही. नळीत भरपूर जागा असते, त्यामुळे बसल्या जागी त्रास होत नाही. वाट साधारण ८ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाली की जिना चढताना दम लागतो. ५ मिलिमीटरच्या आसपास आली की बसल्याबसल्याही श्वासाचा आवाज येऊ लागतो. हे असं एकदम का होतं? कारण नळीतून जाणारी हवा नळीच्या रुंदीबाबत फार हट्टी असते. हवा शांतपणे वाहतेय असं धरलं, तरी रुंदी निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. त्यात थोडा कफ अडकला की संपलंच.

आणि इथेच घोळ होतो. दम लागतो, छातीत शिट्टी वाजते, मग निदान काय होतं? दमा. इनहेलर सुरू होतो. साध्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसं स्वच्छ दिसतात, कारण बिघाड फुफ्फुसात नसतोच, तो वाटेत असतो. असे महिनेच्या महिने निघून जातात.

मग नवा 'वाय' का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन कारणं आहेत.

पहिलं, जंतू. हृदयाची झडप कृत्रिम बसवता येते, गुडघाही बसवता येतो, कारण ते शरीराच्या आत बंदिस्त असतात. श्वासनलिका मात्र प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेला भिडते. धूळ, जंतू, सगळं तिथून जातं. अशा जागी बसवलेल्या परक्या वस्तूवर जंतू ठाण मांडतात.

दुसरं, रक्तपुरवठा. मूत्रपिंडाला एक ठळक धमनी असते, म्हणून प्रत्यारोपणात ती जोडता येते. श्वासनलिकेला मात्र दोन्ही बाजूंनी, टप्प्याटप्प्यावर, केसासारख्या बारीक वाहिन्या रक्त पुरवतात. एक मोठी नळी जोडली आणि झालं, असं तिथे होत नाही. रक्त नाही म्हणजे ऊती मरणार आणि जोड उसवणार.

तिसरं, झाडू. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक केसांचा गालिचा असतो. हे केस सतत हलत राहतात आणि कफ वर ढकलतात. प्लॅस्टिकच्या नळीला हा गालिचा नाही. कफ तिथेच साचणार, वाळणार, आणि वाट बुजवणार.

म्हणून सर्जनचा नियम एकच: नवीन काही आणायचं नाही. खराब भाग कापायचा आणि रुग्णाचीच उरलेली टोकं एकमेकांना जोडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ही टोकं एकमेकांपर्यंत पोहोचतील का, हाच तर सगळा प्रश्न आहे.

ताण: खरा शत्रू

शर्टाची शिवण उसवली आणि कापड कमी पडलं, तर शिंपी ते ओढूनताणून शिवतो. चार दिवसांत पुन्हा उसवतं. इथेही तेच. जोडावर ताण आला की टाके ऊतींना कापत जातात, रक्त पोहोचत नाही, जोड सुटतो. आणि छातीत सुटलेला जोड म्हणजे जीवघेणं संकट.

म्हणून सर्जन आधी सैलसर करतात. श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूची ऊती हलक्या हाताने मोकळी करतात. बाजूची मात्र नाही, कारण रक्तवाहिन्या बाजूने येतात. फुफ्फुसाच्या मुळाशी हृदयावरणाला छेद देऊन फुफ्फुस थोडं वर सरकू देतात. रुग्णाची मान पुढे वाकवतात, म्हणजे श्वासनलिका खाली येते. पण डावा फाटा महाधमनीच्या कमानीखाली अडकलेला, तो फार वर येतच नाही. त्यामुळे श्वासनलिका आणि डावा फाटा यांच्यातलं अंतर ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त होत असेल, तर अनुभवी सर्जनही सहसा थांबतात. चार सेंटिमीटर! तुमच्या अंगठ्याच्या दोन पेरांपेक्षाही कमी. आयुष्य इतक्याशा अंतरावर अडतं.

जोडायचं कसं?

गाठ कुठे आणि किती मोठी आहे, त्यावर जोडणी ठरते. मुख्य प्रकार चार.

एक: गाठ अगदी लहान असेल, तर दोन्ही फाट्यांच्या कडा एकमेकींना शिवून नवा कॅरायना तयार करायचा आणि त्यावर श्वासनलिका बसवायची. दिसायला सगळ्यात नैसर्गिक. पण डावा फाटा वर येत नसल्याने सगळा भार श्वासनलिकेला खाली ओढण्यावर येतो, म्हणून थोड्याच रुग्णांना चालतो.

दोन: श्वासनलिका डाव्या फाट्याला टोकाला टोक लावून जोडायची. मग श्वासनलिकेच्या बाजूला एक गोल खिडकी करून उजवा फाटा तिथे जोडायचा. मात्र दोन जोडांमध्ये किमान एक सेंटिमीटरचं अंतर हवं, नाहीतर मधल्या पट्टीला रक्त मिळत नाही.

तीन: याच्या उलट. श्वासनलिका आणि उजवा फाटा टोकाला टोक, आणि डावा फाटा उजव्या बाजूच्या नळीला बाजूने जोडायचा. श्वासनलिकेचा जास्त भाग काढावा लागला की हा मार्ग उपयोगी पडतो, कारण उजवं फुफ्फुस वर सरकू शकतं.

चार: गाठ उजव्या फुफ्फुसातही शिरली असेल, तर ते फुफ्फुसच काढायचं आणि श्वासनलिका थेट डाव्या फाट्याला जोडायची. पुढे आयुष्यभर एकाच फुफ्फुसावर.

टाके बारीक आणि विरघळणाऱ्या दोऱ्याचे असतात. एकेक टाका सुटा, आणि गाठ नळीच्या बाहेरच्या बाजूला. आत गाठ राहिली तर तिथे मांस वाढतं आणि वाट पुन्हा अरुंद होते. शेवटी जोडाभोवती रुग्णाच्याच जिवंत ऊतीची पट्टी गुंडाळतात, हृदयाजवळच्या चरबीची किंवा बरगड्यांमधल्या स्नायूची. तिच्यामुळे रक्तपुरवठा वाढतो, आणि शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला जोड घासत नाही.

पण श्वास कोण घेतंय?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. नेहमीच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ तोंडातून नळी घालतात आणि मशीन श्वास देतं. इथे मात्र जी वाट कापायचीय, श्वासही तिथूनच जाणार. चालू रस्ता खणून त्याच वेळी वाहतूकही चालू ठेवायची!

मग करतात काय? श्वासनलिका कापली की भूलतज्ज्ञ वरची नळी थोडी मागे ओढून घेतात. सर्जन उघड्या छातीतून एक निर्जंतुक, न दुमडणारी नळी थेट डाव्या फाट्यात घालतो. मशीन आता तिथून एका फुफ्फुसाला हवा देतं. टाका घालताना ही नळी आड येते. मग भूलतज्ज्ञाला विचारून ती काढायची, दोन-तीन टाके घालायचे, ऑक्सिजन खाली येऊ लागला की नळी पुन्हा आत. काढा, शिवा, घाला. तासन्‌तास हे चालतं. दोघांपैकी एकाचं जरी लक्ष ढळलं तरी अनर्थ. काही ठिकाणी बारीक नळीतून वेगाने हवेचे झोत देतात, तर काही रुग्णांमध्ये रक्तच शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र वापरतात.

शस्त्रक्रिया झाली की शक्यतो तिथेच रुग्णाची नळी काढून त्याला स्वतःचा श्वास घेऊ देतात, कारण मशीनचा दाब ताज्या जोडाला नको असतो. बऱ्याच रुग्णांच्या हनुवटीपासून छातीपर्यंत एक जाड टाका घालतात. आठवडाभर मान खाली. विचित्र दिसतं, पण रुग्णाने झोपेत झटकन मान वर केली तर जोडाला बसणारा हिसका हा टाका रोखतो. मग खोकून कफ काढणं, फिजिओथेरपी, आणि घरी सोडण्यापूर्वी दुर्बिणीतून जोडाची तपासणी.

हे शिकायला किती वर्षं लागली?

१९५० मध्ये रोनाल्ड बेल्सी या इंग्लिश सर्जनने मांडलं होतं की श्वासनलिकेचा साधारण २ सेंटिमीटर भागच काढून टोकं जोडता येतात. बरीच वर्षं हीच लक्ष्मणरेषा मानली गेली. १९५७ मध्ये बार्कले आणि सहकाऱ्यांनी कॅरायना काढून, कुठलाही कृत्रिम तुकडा न वापरता, वर सांगितलेली तिसऱ्या प्रकारची जोडणी करून दाखवली. १९६४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या हर्मीस ग्रिलो यांनी मृतदेहांवर मोजमापं घेऊन दाखवलं की नीट सैल केलं, तर श्वासनलिकेचा जवळपास निम्मा भाग काढूनही टोकं जुळू शकतात. फ्रान्समध्ये एश्कापास आणि मॉस्कोत पेरेलमान यांनीही या कामात मोलाची भर घातली.

पण सोपं कधीच नव्हतं. ग्रिलो यांच्याच रुग्णालयात १९६२ ते १९९६ या काळात कॅरायनाच्या जेमतेम १४० च्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे या विषयाची पंढरी मानल्या जाणाऱ्या ठिकाणीही वर्षाला चारच! आणि त्यांतले १०० पैकी सुमारे १३ रुग्ण वाचले नाहीत. अनुभव वाढला तसे मृत्यू कमी झाले. म्हणूनच या शस्त्रक्रियेत सर्जनचं नाव जितकं महत्त्वाचं, तितकीच त्या केंद्राची सवय महत्त्वाची.

स्टॉकहोमचा 'वाय'

आता ती भयंकर गोष्ट. २०११ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयातून जगभर बातमी गेली. इटालियन सर्जन पाओलो माक्कियारिनी यांनी प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची, रुग्णाच्या मापाची, 'वाय' आकाराची कृत्रिम श्वासनलिका बसवली होती. तिच्यावर रुग्णाच्याच मज्जेतल्या मूलपेशी पसरवलेल्या. दावा असा की या पेशी वाढून तिची जिवंत नळी करतील. वैद्यकाचं नोबेल ठरतं ते याच कॅरोलिन्स्का संस्थेत, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला.

आपण वर पाहिलेली तीन कारणं आठवा. जंतू, रक्त, झाडू. यांपैकी एकाचंही उत्तर त्या नळीकडे नव्हतं. प्राण्यांवरच्या पुरेशा चाचण्याही आधी झालेल्या नव्हत्या. पहिला रुग्ण आइसलँडमध्ये शिकणारा, मूळचा एरिट्रियाचा तरुण होता. २०१४ च्या जानेवारीत तो गेला. कॅरोलिन्स्कामध्ये अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले.

तिथल्याच चार डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये तक्रार केली की शोधनिबंधांत लिहिलंय ते नोंदींशी जुळत नाही. संस्थेने आधी सर्जनचीच बाजू घेतली. २०१६ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीवर माहितीपट आला आणि सगळं बाहेर पडलं. माक्कियारिनींना काढलं गेलं, संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने तो शोधनिबंध मागे घेतला. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

मला यातून काय दिसतं सांगू? ज्या डॉक्टरांनी चाळीस-पन्नास वर्षं 'चार सेंटिमीटरच्या पुढे नको' म्हणत संयम ठेवला, त्यांची कधी ब्रेकिंग न्यूज झाली नाही. ज्याने 'मी सगळं बदलतो' म्हटलं, त्याची झाली. आपण स्क्रोल करताना कोणाच्या बातमीवर थांबतो, हेही जरा तपासून बघायला हवं.

म्हणजे पर्यायच नाही, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये इमान्युएल मार्तिनो यांच्या गटाने दात्याकडून मिळालेला, गोठवून ठेवलेला महाधमनीचा तुकडा, आतून जाळीचा आधार देऊन वापरला. २०१८ मध्ये त्यांनी १३ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यात कॅरायनाचा रुग्ण एकच होता आणि तो वाचला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. संशोधन असंही करता येतं.

आपल्या उपयोगाचं

घरात कोणाला 'दमा' सांगितलाय, पण इनहेलर नीट घेऊनही काही फरक नाही. आवाज श्वास आत घेताना जास्त येतो. थुंकीत रक्त दिसतं. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. असं काही असेल, तर छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'मोठ्या श्वासनलिकेत अडथळा असू शकतो का?' फुंकर मारून करायच्या चाचणीत जो आलेख येतो, तो अशा वेळी वरून-खालून चपटा दिसू शकतो. पुढे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी यांतून खरं काय ते कळतं. मनाने इनहेलर बंद मात्र करू नका. आणि श्वास एकदम कोंडला, तर गूगल करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

कॅरायनाची शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर चार प्रश्न विचारा. इथे अशा किती शस्त्रक्रिया झाल्यात? भूलतज्ज्ञांना याचा अनुभव आहे का? फुफ्फुस वाचेल का? शस्त्रक्रिया नको असेल, तर रेडिएशन, किंवा दुर्बिणीतून वाट मोकळी करून जाळी बसवणं, यांतलं काय शक्य आहे? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगला डॉक्टर असे प्रश्न ऐकून खूशच होतो.

तर मंडळी, छातीतला 'वाय' दुकानात मिळत नाही. जो मिळालाय तोच जपायचा, आणि बिघडलाच तर मिलिमीटर मोजून शिवणाऱ्या हातांकडे जायचं. इनहेलरने बरं न वाटणारं कोणी ओळखीत असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, एक मोठा श्वास घ्या. किती सहज आत गेला ना?